कापून टाकलेल्या जागा

या मायबाप हो, असे जवळ सरकून बसा. ज्यांना घरी जायची घाई आहे त्यांनी खुशाल दाराशी बसावं, पण कान इकडे ठेवावा. आज एका लेकीची गोष्ट सांगायची आहे. गोष्टीत राजा नाही, राक्षस नाही. तीन कॉम्प्युटर आहेत, आणि तिघांचं एकमेकांशी पटत नाही. हसता काय? देवाला ज्या वाटेनं यायचं त्या वाटेनं तो येतो. आपण फक्त वाट अडवायची नसते, आणि नेमकं तेच आपण करून बसतो.

तर या लेकीला घरात थोरली म्हणत, आपणही थोरलीच म्हणू. पडद्यांच्या कारखान्यात ती कापणीच्या टेबलावर उभी असे. कापड कितीही लांब असो, तिची कात्री रेघ सोडायची नाही. लोंबता दोरा दिसला की हात आपोआप तिकडे वळायचा. समोरच्याच्या बाहीवरचा दोरासुद्धा ती बोलता बोलता तोडून टाकी आणि वर म्हणे, "हं, आता सांग." त्या आठवड्यात मात्र तिच्या पायाला भिंगरी लागली होती. कारण तिच्या आईची वाचा गेली होती.

आणि आई कोण, तर प्रार्थनाघरात उभी राहून गात गात कथा सांगणारी. चिडका माणूससुद्धा तिची कथा ऐकून निघाला की दारात दुसऱ्याला आधी वाट द्यायचा. एका सकाळी डोक्यात रक्ताची गुठळी अडकली, उजवा हात लुळा पडला आणि शब्द गेले. समजायचं सगळं. तोंडातून मात्र एकच आवाज यायचा, "अं". तो आला की ती स्वतःवरच रागवायची आणि भिंतीकडे तोंड फिरवायची.

वॉर्डात वाचा-उपचार करणाऱ्या एक बाई होत्या. सगळे त्यांना बोलक्या बाई म्हणत. त्यांनी थोरलीला बाजूला घेतलं.

"ताई, बोलणं आणि गाणं मेंदूत एकाच खोलीत राहत नाहीत. बोलण्याच्या खोलीला कुलूप लागलंय, गाण्याची कदाचित उघडी असेल. आईंचं स्वतःचं गाणं असेल तर आणा. चित्रासकट आणा. ओठ दिसले पाहिजेत, तोंड तोंडाएवढं दिसलं पाहिजे. मोबाइलवर नको, त्यांची एका बाजूची नजर अजून अधू आहे. इथल्या टीव्हीला पेनड्राइव्ह लागतो, त्यावर लावू."

"आणते की. बाबांनी शूटिंग केलेलं आहे."

"शुक्रवारच्या आत बघा. शुक्रवारी मोठे डॉक्टर ठरवणार. मला त्यांना सुधारणेची काहीतरी खूण दाखवता आली, एखादा शब्द जरी दाखवता आला, तर उपचार चालू राहतील. नाहीतर आईंना खालच्या मजल्यावर हलवतील. तिथं सेवा चांगली होते. पण शिकवणारं कुणी नसतं."

थोरलीनं तो खालचा मजला पाहिला होता. स्वच्छ होता. भिंती नुकत्याच रंगवलेल्या होत्या आणि माणसं खिडकीकडे बघत बसलेली होती. आपल्या आईची खुर्ची त्या रांगेत दिसायला लागली तशी ती तडक शूटिंग शोधायला निघाली.

बाबा जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्यांच्या जुन्या कॅमेऱ्यातलं शूटिंग धाकट्या भावानं कधीतरी फायलीत उतरवून ठेवलं होतं. थोरलीनं ती फाइल पेनड्राइव्हवर घेतली, टीव्हीला लावली. पडद्यावर पाटी आली: हा प्रकार चालत नाही. झालं, इथं घोडं अडलं.

"अगं, सोपं आहे," भाऊ फोनवर म्हणाला. "फाइलच्या नावाला शेवटी शेपूट असतं ना, तीन अक्षरांचं? ते बदल. टीव्हीला आवडतं ते लाव."

तिनं शेपूट बदललं. टीव्हीनं पुन्हा तीच पाटी दाखवली. आई पलंगावरून हे सगळं बघत होती. तिच्या भुवया वर गेल्या. कथेत मूर्ख राजाचं वर्णन करताना जायच्या तशाच.

कारखान्यात मालकाच्या खोलीत विंडोजचा कॉम्प्युटर होता. जेवणाच्या सुट्टीत थोरली तिथं बसली. डबा तसाच राहिला. फाइलचा प्रकार बदलून देणारं सॉफ्टवेअर शोधायला गेली तर पानंच्या पानं उघडली. प्रत्येक पानावर चार-चार हिरवी बटणं, आणि प्रत्येक बटण म्हणतंय, मीच खरं, मला दाब. एक दाबलं तर हवामानाचा अंदाज आला. दुसरं दाबलं तर कॉम्प्युटर साफ करून देतो म्हणालं. तिसरं खरं निघालं. फाइल बदलली, चाललीसुद्धा! पण चित्राच्या मधोमध आडवा शिक्का बसलेला: चाचणीसाठी. आणि तो नेमका कुठं, तर आईच्या ओठांवर.

"सगळ्या पडद्यावर जागा होती रे देवा," थोरली म्हणाली, "तुला तोंडच सापडलं?"

मालक दारातून डोकावले. "काय झालं? रडतेस की हसतेस?"

"ठरवते आहे," ती म्हणाली आणि पेनड्राइव्ह उपसून निघाली.

संध्याकाळी ती भावाच्या छापखान्यात धडकली. छापखाना हॉस्पिटलच्या मागच्याच रस्त्यावर. शाईचा वास, यंत्रांचा खडखडाट, आणि कोपऱ्यात भावाचा मॅक कॉम्प्युटर, ज्याच्यावर तो पत्रिका आणि जाहिराती जुळवायचा. त्याला तो इतका जपायचा की वहिनी म्हणायची, माझ्या वाढदिवसाला याला पुसायला नवीन फडकं आणलं.

"तुझं ते कारखान्यातलं सॉफ्टवेअर इथं चालणार नाही, ताई. इथलं वेगळं असतं."

"मग वेगळं शोध. मी काय लग्न जुळवायला आलेय का, पसंत-नापसंत करायला?"

त्यानं शोधलं. फुकटचं एक मिळालं, शिक्का न मारणारं. दोघं पडद्याला डोळे लावून बसले. आई दिसली, ओठ दिसले, आवाज आला. पण आवाज आधी आणि ओठ मागून. आई "दिवा" म्हणून मोकळी झाली तरी तोंड अजून उघडतच होतं.

"चणे आहेत तर दात नाहीत," थोरली उठून येरझाऱ्या घालायला लागली. "बोलक्या बाई ओठ बघून शिकवणार. हे बघून आई आणखी गोंधळेल."

"बस ना जरा. यंत्रात पदर अडकेल तुझा."

"शुक्रवार बसून राहणार आहे का माझ्यासाठी?"

तेव्हा भाऊ म्हणाला, "मावशीला विचारूया का?"

मावशी, म्हणजे आईची धाकटी बहीण, वाचनालयातून निवृत्त झालेली. गावाच्या दुसऱ्या टोकाला एकटी राहायची. वाचनालयानं टाकून दिलेला जुना कॉम्प्युटर तिनं घरी आणला होता आणि त्यावर विंडोजऐवजी फुकटचं लिनक्स घातलं होतं. त्याच्या पाठीचं झाकण नव्हतं, आतला पंखा उघडाच फिरायचा. मावशी म्हणायची, म्हातारपणी सगळ्यांनाच जरा वारा लागतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी अर्धी रजा टाकून थोरली तिथं पोचली. मावशीनं सगळी कहाणी ऐकून घेतली. शेपूट बदलल्याचं ऐकलं तेव्हा ती हसून हसून खोकली.

"अगं बये, लग्न झाल्यावर माझं आडनाव बदललं, म्हणून मी सकाळी लवकर उठायला लागले का? नाव बदलून आत काही बदलत नाही. आतलं सगळं उकलून पुन्हा विणावं लागतं."

"विणायला काय हवं ते सांग. माझा जीव टांगणीला लागलाय."

"हवं ते आहेच. दोन आहेत. एक प्रकार बदलणारं, एक कापाकापी करणारं. आणि गंमत सांगू? ही दोन्ही माझ्याकडे चालतात, तुझ्या मालकाकडे चालतात आणि त्या लाडोबाच्या मॅकवरही चालतात. कुठलाही शिक्का नाही, हिरवी बटणं नाहीत, पैसे नाहीत."

"कुणाचं आहे?"

"कुणाचंच नाही आणि सगळ्यांचं आहे. जगभरातल्या कुणाकुणा माणसांनी आपापला वेळ काढून लिहिलंय आणि ठेवून दिलंय. रस्त्यात माठ भरून ठेवतात तसं."

मावशीनं थोरलीच्या भावाला फोन करून तेच त्याच्याही मॅकवर घालायला सांगितलं, हातासरशी दटावलंही, "आधी इथं विचारायचं सोडून कुठं कुठं हिंडवलंस रे हिला!" मग फाइल उघडली. आई पडद्यावर आली. ओठ आणि आवाज हातात हात घालून चालले होते. शिक्का नव्हता. थोरलीच्या डोळ्यांत पाणी आलं, पण पुसायलाही ती थांबली नाही. तिचं लक्ष दुसरीकडेच गेलं होतं.

प्रार्थनाघरातलं शूटिंग ते. आई एक ओळ पूर्ण गायची. मग तीच ओळ पुन्हा उचलायची आणि शेवटच्या शब्दाआधी थांबायची. तो शब्द समोर बसलेल्यांनी भरायचा. लोक भरत, पण कसे? एक आधी, एक मागून, कुणी नाकातून, कुणी खोकत. सगळ्यांच्या वर बाबांचा आवाज, कॅमेऱ्यामागे तेच उभे असल्यामुळे. सूर सोडून, आणि नेहमीच अर्धी मात्रा आधी. चित्रातली आई दरवेळी कॅमेऱ्याकडे बघून डोळे वटारायची.

बोलक्या बाईंनी बजावलं होतं: गोंगाट नको, स्वच्छ असू द्या. थोरलीच्या बोटांना आपलं काम दिसलं. "हे कापता येतं का गं?"

"येतं की. इथून धर, इथं सोड."

आणि मग काय विचारता! कात्रीत मुरलेला हात तो. मावशी खुर्चीत पेंगायला लागली आणि थोरली कापत सुटली. एकच ओळ दोनदा कशाला? दुसरी कापली. शब्दाआधी आई थांबते ते रिकामं वाटतं, कापलं. लोकांचे फाटके आवाज, खोकला, बाबांचा बेसूर, सगळं कापलं. शिवण इतकी बेमालूम घातली की सांधा दिसेना. जागी झालेल्या मावशीनं डोळे चोळत विचारलं, "किती कापलंस? एवढीशी राहिली कथा?"

"सगळं आईचंच ठेवलंय," थोरली म्हणाली. "फक्त आईचं."

शुक्रवारी सकाळी वॉर्डातल्या टीव्हीनं ती फाइल निमूट स्वीकारली. तोंड तोंडाएवढं दिसलं. आईनं स्वतःला पाहिलं आणि उशीवरून डोकं उचललं.

*ज्याची वाट अंधारी, त्याच्या दारी दिवा.*

आईचा डावा हात चादरीवरून वर आला. ओठ विलग झाले. बोलक्या बाईंनी थोरलीचं मनगट दाबलं. पण तेवढ्यात पडद्यावरची आई पुढच्या ओळीवर गेलीसुद्धा.

*ज्याचा घसा कोरडा, त्याच्या हाती पाणी.*

हात पुन्हा वर आला, ओठ पुन्हा उघडले, आणि तिसरी ओळ येऊन थडकली. चौथी. पाचवी. धावती गाडी पकडायला निघालेल्या माणसासारखी आई प्रत्येक ओळीमागे निघायची आणि ओळ निघून गेलेली असायची. शेवटी हात आपटला. "अं!" आणि तोंड भिंतीकडे.

"थकल्या असतील," बोलक्या बाई म्हणाल्या. पण त्यांचा स्वर पडला होता. "दुपारी डॉक्टर येतील तेव्हा... बघू."

थोरली उभीच होती. आईचा हात वर आला होता, हे तिनं पाहिलं होतं. एकदा नव्हे, दरवेळी. आणि दरवेळी एकाच जागी. ओळ संपल्यावर, जिथं काहीतरी यायला हवं होतं तिथं. तिथं काय होतं? तिथं तिनंच कात्री लावली होती.

तिच्या मनात आलं: आयुष्यभर आईनं लोकांसाठी जागा सोडली. आज ती लोकांच्या जागी बसली आहे, आणि मी तिच्यासाठी सुईच्या टोकाएवढी जागा ठेवली नाही.

"मी आलेच," ती म्हणाली.

"कुठं? अहो ताई, डॉक्टर..."

"आल्यावर त्यांना चहा द्या, गप्पा मारा, काहीही करा. तुम्ही बोलक्या ना?"

जिना, फाटक, मागचा रस्ता. छापखान्यात शिरली तेव्हा तिला धाप लागली होती.

"मूळ फाइल काढ. न कापलेली. टीव्हीला चालेल अशी करून दे."

"अगं, पण मावशीकडे तू एवढं..."

"ते चुलीत घाल. मूळ काढ!"

नशीब, मावशीचा धाक कामी आला होता: तेच फुकटचं सॉफ्टवेअर त्याच्या मॅकवर येऊन बसलेलं होतं. भावानं फाइल त्यात टाकली. पडद्यावर एक निळी पट्टी सरकायला लागली. सरकायला कसली, रांगायला लागली. थोरली पट्टीकडे बघे, घड्याळाकडे बघे, दाराकडे जाई, परत येई. टेबलावर पत्रिकांचा गठ्ठा होता, त्याच्या कडा तिनं सारख्या केल्या, पुन्हा विस्कटल्या, पुन्हा सारख्या केल्या.

"ताई, तू ढकललंस म्हणून ती पळणार नाही."

"मला माहीत आहे."

"मग माझी खुर्ची का ढकलतेस?"

तिनं हात मागे घेतला. मनातल्या मनात देवाचं नाव घ्यायला गेली तर तेही धड घेता येईना. अर्ध्या नावावर डोळे उघडून पट्टी बघायची. देवानं तेवढंच अर्धं नाव धरून घेतलं असेल. तो काही शेपूट तपासत बसत नाही.

पट्टी पोचली. पेनड्राइव्ह मुठीत. पुन्हा रस्ता, फाटक, जिना.

वॉर्डात मोठे डॉक्टर आईच्या पलंगाशी उभे होते, हातात पेन. बोलक्या बाई त्यांना काहीतरी लांबण लावून सांगत होत्या आणि डॉक्टर घड्याळ बघत होते.

"सकाळी प्रयत्न झाला ना?" डॉक्टर म्हणाले. "त्यांना आणखी दमवण्यात काय अर्थ?"

"सकाळी चूक माझी होती," थोरली धापा टाकत म्हणाली. "डॉक्टर, एवढं एकदा बघा. मग तुम्ही म्हणाल तसं."

तिनं स्वतःच पेनड्राइव्ह लावला. आई भिंतीकडे तोंड करून पडलेली. आधी प्रार्थनाघराचा कलकल आवाज आला, खुर्च्या सरकल्या, कुणीतरी खोकलं. आईची मान हलली नाही.

*ज्याची वाट अंधारी, त्याच्या दारी दिवा. ज्याची वाट अंधारी, त्याच्या दारी...*

आणि थांबली. मागोमाग लोकांचे आवाज फुटले, आणि सर्वांच्या आधी, बेसूर, अर्धी मात्रा पुढे, बाबा: "दिवा!"

आईची मान वळली. भिंतीकडून पडद्याकडे. पडद्यावरची आई कॅमेऱ्याकडे बघून डोळे वटारत होती, आणि पलंगावरच्या आईनंही, शपथ घेऊन सांगावं असे, हुबेहूब तसेच डोळे वटारले.

*ज्याचा घसा कोरडा, त्याच्या हाती पाणी. ज्याचा घसा कोरडा, त्याच्या हाती...*

डावा हात वर आला. ओठ विलग झाले. जागा होती. बाबा आधी घुसलेच, पण त्यांच्यामागून, जिथं यायला हवं तिथंच, बारीक, खरबरीत, पण सुरात: "पा...णी."

 बोलक्या बाई इतक्या हरखल्या की त्यांनी पटकन पाण्याचा पेला भरून आईच्या तोंडाशी धरला. आईनं तो डाव्या हातानं बाजूला सारला, बाईंच्या अंगावर थोडं सांडलंही. मधे काय येता, पुढची ओळ जातेय!

पुढची ओळ हुकली. त्यापुढच्या ओळीत नुसतेच ओठ हलले. मग आली *ज्याला नाही कुणी, त्याला आहे...* आणि आईनं "देव" म्हटलं, बाबांच्याही आधी. चुकून की मुद्दाम, ते तिचं तिला ठाऊक.

"हे गाणं झालं," डॉक्टर हळूच म्हणाले. "बोलणं नव्हे."

"हो," बोलक्या बाई ओल्या पदरानं हात पुसत म्हणाल्या, "पण शब्द आहे ना? मी याच दारातून आत जाईन. मला वेळ द्या."

डॉक्टर आईकडे बघत राहिले. आई त्यांच्याकडे बघत नव्हती. तिला सवड नव्हती.

"इथंच राहू द्या यांना," ते म्हणाले आणि पेन उघडलं. "आणि तो आवाज जरा मोठा करा."

थोरली पलंगाच्या कडेला टेकली. आईच्या बाहीवर एक दोरा लोंबत होता. तिनं पाहिला, आणि हात मांडीवरच ठेवला. आपल्याही तोंडून पुढचा शब्द निघाला आहे, हे तिला बऱ्याच वेळानं कळलं.

तर मायबाप हो, आई पुढं बोलायला लागली, हळूहळू, अडखळत, पहिल्यांदा सगळंच गाऊन. भाजीत मीठ कमी आहे हेसुद्धा चालीवर सांगायची. ते असो. तुमच्याकडे मागणं एवढंच: ज्यांनी कुठल्या तरी दूरच्या खोलीत बसून ते सॉफ्टवेअर लिहिलं, तिन्ही कॉम्प्युटरांवर चालेल असं केलं, आणि कुणाच्या तोंडावर शिक्का न मारता जगासाठी ठेवून दिलं, त्यांची नावं थोरलीला माहीत नाहीत, मलाही नाहीत. त्यांना तर हेही ठाऊक नाही की एका म्हातारीला त्यांच्यामुळे पाणी म्हणता आलं. आज देवापुढं हात जोडाल, तेव्हा आपल्या माणसांच्या बरोबरीनं त्यांनाही आठवा.